चारोळीचे शनिवार

आंधी आली ती नेमकी रायपूरच्या शंकर नगर चौकात. आभाळ हळदीच्या पाण्यासारखं पिवळं झालं, दुकानांचे पत्रे खडखडले आणि देवश्रीच्या स्कूटीपुढे धुळीची भिंतच उभी राहिली. पायापाशी टोपलीत बसलेली चारोळी, सात वर्षांची पांढरी पॉमेरेनियन, केविलवाणं भुंकली. देवश्रीने स्कूटी कडेला लावली, चारोळीला ओढणीखाली घेतलं आणि समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरली.

आत धान्याचा आणि साबणाचा मिळून एक वास. मांडण्यांवर पिशव्याच पिशव्या, खिळ्यांवर पट्टे, फण्या, ब्रश. आणि खाली फरशीवर मांडी घालून बसलेला एक तरुण… मांडीत एका दांडग्या काळ्या कुत्र्याचा पंजा. त्याची नखं कापता कापता तो हळूहळू काहीतरी बोलत होता, लहान बाळाशी बोलावं तसं, आणि तो दांडगा डोळे मिटून ऐकत होता.

"बैठिए दीदी. आंधी जाएगी तब जाना," तो मान वर न करता म्हणाला.

मग त्याने वर पाहिलं. देवश्रीकडे नाही, चारोळीकडे.

"अरे राम! हिच्या कानामागं एवढ्या गाठी कोणी होऊ दिल्या?"

"मराठी आहात?"

"हव. भोसल्यांच्या काळापासून इथलेच आम्ही. घरी मराठी, दुकानात हिंदी, आणि कुत्र्यांशी जी आठवेल ती." त्याने हात पुसले. "मी सौमित्र."

"बरं झालं मग. मशीन आहे ना तुमच्याकडे? बाबा म्हणाले, ऊन फार आहे, हिची टकली करून आण."

"नाही करणार."

"पैसे देईन ना!"

"तरी नाही. हे केस म्हणजे छत्री आहे तिची. तुम्ही उन्हात निघताना ओढणी फेकून देता का?"

देवश्री डोळ्यांपर्यंत ओढणीत गुंडाळलेली होती, रायपूरच्या साऱ्या मुली उन्हाळ्यात असतात तशी. तिला राग आला, आणि ओढणीच्या आत हसूही आलं.

"ग्राहकाशी असं बोलतात?"

"आधी तोंड तर दाखवा, मग भांडा. कोणाशी भांडून राहिलो तेही कळत नाही मले."

तिने ओढणी सोडली. त्याने पाहिलं… आणि घाईघाईने फणी उचलली.

त्या दिवशी त्याने चारोळीच्या गाठी सोडवल्या. कात्री नाही, ओढाताण नाही. आधी बोटांनी गाठ सैल करायची, मग केसांच्या टोकापासून फणी लावायची, मग थोडं वर, मग आणखी थोडं वर. मुळाशी सगळ्यात शेवटी. फणी अडली की तो थांबे, चारोळीच्या कपाळावर अंगठा फिरवी, पुन्हा सुरू करी. घरी चारोळी फणी पाहून पलंगाखाली पळत असे. इथे तिने त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. देवश्री त्या हातांकडे पाहत राहिली. आंधी केव्हाच गेली होती. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजू लागले, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"काहीतरी घ्यायला पाहिजे," ती संकोचून म्हणाली आणि सगळ्यात चकचकीत पिशवीवर बोट ठेवलं. "हे द्या."

"हे पिल्लांचं आहे. सात वर्षांच्या बाईला दिलं तर दोन महिन्यांत ढोलकी होईल." त्याने चारोळीच्या कुशीवरून हात फिरवला. "बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला नाही. घरी काय खाते?"

"पोळी-दूध. वरण-भात."

"मग एकदम काही बदलू नका. हे मोठ्यांचं घ्या, लहान पुडा. पहिल्या दिवशी चिमूटभर, मग थोडं वाढवत न्या. पोटाला ओळख व्हायला आठवडा लागतो." आणि मान खाली घालून म्हणाला, "माणसाला तेवढाही लागत नाही कधी कधी."

देवश्रीने ऐकलं नाही असं दाखवलं. कान मात्र लाल झाले होते.

*

पुढच्या शनिवारी ती आली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. ऑफिसात भोपाळहून आलेल्या फायलींचे गठ्ठे अजून दोरीतच होते. राज्य नवं, राजधानी नवी, टेबलं नवी, कोणाची फाईल कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. दिवसभर त्या धुळीत डोकं घालून संध्याकाळी ती चारोळीला घेऊन शंकर नगर गाठी. तिसऱ्या शनिवारी त्याने 'दीदी' म्हणणं सोडलं. त्याजागी काय म्हणावं ते त्याला सुचेना, म्हणून तो नुसतंच "अहो…" म्हणे आणि स्वतःच गोंधळे.

एकदा तिने चघळायला म्हणून हाडासारखी टणक एक वस्तू उचलली.

"नखानं दाबून पाहा," तो म्हणाला.

"दाबलं. काही होत नाही."

"म्हणूनच नको. नख रुतत नाही, तिथं दातच तुटतो. आता ही कांडी दाबा."

तिने दाबली. कांडी किंचित दबली.

"आणि तोंडापेक्षा मोठीच घ्यायची, गिळता येऊ नये अशी. चघळता चघळता लहान झाली की काढून घ्यायची. ती रागावेल. रागावू द्या."

"तुम्हाला कोणी रागावलेलं चालतं?"

"एका जणीचं चालतं."

घरी, ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात, आई, मंदाकिनीबाई, भाजी निवडता निवडता हे सारं पाहत होती. तिच्या आजोळच्या बायका जात्यावर ओव्या जुळवीत. तिच्या घरी जातं नव्हतं, पण ओवी जुळत होती. लेक ओट्यावर बसून चारोळीला विंचरू लागली की आई गुणगुणे:

"केस कुत्रीचे विंचरी
माझी देवश्री गं बाई,
गाठ सुटली कधीची
फणी थांबत का नाही?"

"आई!"

"मी काही बोलली का? गाऊन राहिली मी."

*

मे महिना लागला आणि लू सुटली. देवश्रीचे वडील श्यामराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून चारोळी हीच त्यांची गाडी आणि तेच तिचे गार्ड. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी मीठ-दही घालून खायचा, आणि लू लागू नये म्हणून सोबत कच्चा कांदा. छत्तीसगढची ही बासी त्या घरात तीन पिढ्या मुरलेली. श्यामराव रोज सकाळी दोन वाट्या भरत. एक स्वतःची, एक चारोळीची. चारोळीचा कांदा ते अगदी बारीक चिरत, तिच्या दातांना त्रास नको म्हणून.

पंधरा दिवसांत चारोळी मंदावली. जिना चढेना. "लू लागली हिले," श्यामराव म्हणाले, आणि कांदा वाढवला.

एका शनिवारी देवश्री दुपारीच तिला घेऊन दुकानात पोचली. सौमित्रने चारोळीचा ओठ अलगद वर केला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"काय खाते ही सध्या?"

"तुम्ही दिलेलंच. आणि सकाळी बासी, बाबांसोबत."

"बासीत काय?"

"मीठ नाही घालत हिच्या. दही… आणि कांदा."

सौमित्रने शटर ओढलं, मोटरसायकल काढली. "बसा. घट्ट धरा तिले."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सौमित्रच्या मनात होतं तेच सांगितलं. कच्चा काय, शिजलेला काय, कांदा कुत्र्याचं रक्त मोडतो. वेळेवर आणलीत, सलाईन, मग तीन आठवडे औषध. वाचेल.

बाकावर बसून देवश्री रडली. मग एकदम सौमित्रचा हात धरून म्हणाली, "बाबांना नका सांगू. पायी पडते. त्यांनी स्वतःच्या हातानं चिरला हो रोज… ते जेवायचे नाहीत. खचून जातील."

"मग कांदा थांबेल कसा?"

"औषध चालू आहे तोवर बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणू."

तेवढ्यात फोनवर निरोप मिळालेले श्यामराव रिक्षातून उतरले, चप्पल एका पायात उलटी. "काय झालं माझ्या पोरीले? कशानं झालं?"

देवश्रीने ओढणीत तोंड लपवलं. आणि सौमित्र उठून उभा राहिला.

"काका, चूक माझी आहे. माझ्याकडची कांडी मानवली नाही तिले."

देवश्रीने चमकून पाहिलं. हे तिने मागितलं नव्हतं.

"दुकान चालवून राहिला का जहर विकून राहिला?" श्यामरावांचा आवाज साऱ्या दवाखान्यात घुमला. "मुकं जनावर आहे बापा ते! देवश्री, या पोट्ट्याच्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

सौमित्र मान खाली घालून ऐकत राहिला. मग चारोळीच्या कपाळावरून एकदा अंगठा फिरवून निघून गेला.

*

श्यामराव घरात गप्प बसणारे नव्हते. ब्राह्मणपाऱ्यात ज्यांच्या घरी कुत्रं त्या प्रत्येक दारी ते सांगून आले: शंकर नगरातल्या त्या दुकानातून काही घेऊ नका. दुसऱ्या आठवड्यात देवश्री ऑफिस सुटल्यावर लपतछपत दुकानाशी गेली. दांडगा काळा कुत्रा आता येत नव्हता. फण्यांवर धूळ होती.

"मी सांगते बाबांना. आजच सांगते."

"चारोळी जिना चढते?" त्याने विचारलं.

"हो. कालपासून."

"मग झालं."

"काय झालं? तुमचं नाव गेलं!"

"नाव येईल परत. तुमच्या बाबांचा चेहरा पडला असता, तो मले पाहवला नसता." तो थोडा हसला. "पण एक सांगतो. औषध संपलं की मी काही करू शकणार नाही. तिथून पुढं तुम्हीच आहात."

ती परत आली आणि तरीही बोलली नाही. रोज संध्याकाळी ठरवी, रोज बाबा चारोळीला मांडीवर घेऊन "माझी वाघीण, माझी वाघीण" म्हणत, आणि ती उठून चारोळीची पाण्याची वाटी भरायला जाई. शनिवार आले नि गेले… रिकामे, न विंचरलेले.

औषधाची शेवटची गोळी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर पाटावर दोन वाट्या मांडलेल्या. श्यामराव कांदा चिरत होते. अगदी बारीक.

"औषध संपलं," ते खुशीत म्हणाले. "लू अजून आहे. आता हिले ताकद पाहिजे."

चारोळी शेपटी हलवत वाटीकडे निघाली. देवश्री धावली. वाटी तिने उचलून छातीशी धरली, अंगावर दही सांडलं.

"बाबा, कांदा नका देऊ. कांद्यानंच झालं होतं. कांडीनं नाही. त्यांनी… त्यांनी तुमच्यासाठी खोटं सांगितलं. मी सांगा म्हटलं नव्हतं, पण मी गप्प राहिली. तीन आठवडे."

विळीवरचे हात थांबले. श्यामरावांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी चारोळीला जवळ ओढलं आणि तिच्या मानेत तोंड लपवलं. देवश्री ज्याला भीत होती तेच झालं, बाप रडला. पण खचला नाही. डोळे पुसून त्यांनी विचारलं:

"त्या पोट्ट्यानं काहून घेतलं मग सारं अंगावर?"

"मले काय माहीत…"

"हिले माहीत नाही म्हणे!" आई चुलीपाशी पुटपुटली. "साऱ्या पाऱ्याले माहीत आहे."

श्यामराव उठले. इस्त्रीचा शर्ट घातला. "गार्डच्या चुकीनं गाडी थांबली, तर रिपोर्टात गार्डनंच लिहायचं असते. ड्रायव्हरच्या नावावर नाही ढकलायचं. चल."

आणि ते त्याच दारांवर पुन्हा गेले. देवश्री चारोळीला घेऊन मागे. प्रत्येक ओट्यापुढे उभं राहून श्यामराव म्हणत, "मी चुकीचं सांगून गेलो होतो. कांदा मी चारला. पोट्ट्याचा दोष नाही. तुम्ही कोणी कांदा देत असाल तर आजच बंद करा." तिसऱ्या दारी एक बाई घाबरून आत पळाल्या, त्यांच्या मोती कुत्र्याच्या ताटलीत कांदाच होता. श्यामरावांनी तो स्वतः वेचून बाहेर काढला.

मग ते लेकीच्या मागे स्कूटीवर बसले आणि शंकर नगरात उतरले. सौमित्र शटर उघडत होता. यांना पाहून त्याचे हात तिथेच राहिले.

"खोटं काहून बोलला रे मले?"

"काका… तुमच्याकडं पाहून."

"माझ्याकडं पाहून?"

सौमित्रने देवश्रीकडे पाहिलं. "नाही. हिच्याकडं पाहून."

रस्त्यावरून एक भाजीवाली ओरडत गेली. श्यामरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, बारीक कापलेल्या नखांपासून केस चिकटलेल्या शर्टापर्यंत. मग दोन्ही हातांनी त्याचे हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

"मी हिले कडुलिंबाखाली फिरवतो," चारोळीची दोरी घेत ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत तुमचं बोलून घ्या."

ते गेले. दोघं अर्ध्या उघड्या शटरखाली उभी राहिली.

"मी भित्री आहे," देवश्री म्हणाली. "माझी भीती तुम्ही पाठीवर घेतली, आणि मी घेऊ दिली. आता एक गोष्ट आहे, तीही कितीक दिवस घशात अडकून आहे. ती तुम्ही बोलायच्या आधी मीच बोलते, नाहीतर पुन्हा तुम्हालाच सगळं…"

"बोला ना."

"मले तुम्ही हवे. शनिवारपुरते नाही… साऱ्या वारांचे."

सौमित्रने उत्तरासाठी तोंड उघडलं. मराठी आठवेना, हिंदी आठवेना. त्याने शटर हाताने वर ढकललं, खड्‌खड् करत पार वरपर्यंत, आणि सकाळचं सगळं ऊन एकदम आत आलं, तिच्या केसांवर, त्याच्या भरून आलेल्या डोळ्यांवर.

"काय झालं रे पोट्टेहो?" झाडाखालून श्यामराव ओरडले.

"हव म्हणून राहिले हे, बाबा!" देवश्रीने तिथूनच सांगितलं. "फक्त आवाज फुटून नाही राहिला."