तिसरा शब्द

विश्वास ठेवा नाहीतर हसण्यावारी न्या, पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय हे. तेही भर दुपारी... आणि प्रार्थनेच्या जागी.

मावशी घरीच शिवणकाम करते. काका गेल्यापासून घर तिला खायला उठायचं. मशीन थांबलं की ती मुद्दाम नळ सोडून ठेवायची. काहीतरी आवाज हवा म्हणून.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. "शांत जागी डोळे मिटून बसा. आवाज येवो, विचार येवो, त्याला मनात म्हणायचं... ये, बस, जा. शेवटचा शब्द विसरायचा नाही हं."

"डोळे मिटले की मी घोरायलाच लागते," मावशी म्हणाली. पण गल्लीतल्या प्रार्थनामंदिरात गेली.

दुपारी तिथे चिटपाखरूही नसायचं. ती मागच्या बाकावर बसली.

पंखा कुरकुरला. ये, बस, जा.

बाहेरून सायकल गेली. ये, बस, जा.

मग काकांची आठवण आली. ती काही जायला तयार होईना.

आणि तेवढ्यात... पावलं वाजली.

अनवाणी. सावकाश. दाराकडून तिच्याच दिशेने...

ये, मावशी मनात म्हणाली.

पावलं बाकापाशी थांबली.

काका असेच न बोलता शेजारी येऊन बसायचे. मावशीला राहवलं नाही. "बसा," ती म्हणाली. मनात नाही, चक्क तोंडाने. काकांना म्हणायची तसं.

बाक करकरलं. शेजारची फळी दबली.

मग श्वास ऐकू आला... अगदी कानाशी.

काकांना दमा होता. त्यांच्या छातीत सतत शिट्टी वाजायची. हा श्वास मात्र... मोकळा होता.

हे काका नव्हते!

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आता फक्त तिसरा शब्द म्हणायचा होता. तो ओठांवर आलाही, पण बाहेर पडला नाही.

डोळे उघडले तर शेजारी कुणीच नाही. ती उठून घरी निघाली.

मागोमाग पावलंही निघाली...

हे सगळं तिने मला कपडे शिवता शिवता सांगितलं. मशीन थांबलं. नळ बंद होता. आणि काकांच्या रिकाम्या खुर्चीतून... संथ श्वास येत होता.

मी ताडकन उठलो. "मावशी, अगं जा म्हण त्याला!"

तिने सुईत दोरा ओवला. "म्हणेन रे. पण तू आत्ता तुझ्या घरी जाशील. मग मी कुणाशी बोलू?"

"येतो गं," म्हणत मी कशाबशा चपला घातल्या.

आत खुर्ची करकरली...

"तू नको उठूस. बस," मावशी मायेने म्हणाली.

ते मला म्हटलेलं नव्हतं.

त्यानंतर मी तिच्याकडे गेलेलो नाही. भीती वाटते, हे खरं. पण ती एकटी आहे, हे माहीत असूनही जात नाही... तेच मला जास्त खातं.