चौदा नंबरची पाहुणी

मी ट्रक मागे घेतला आणि कुणीतरी बोंबललं, "थांब! पाहुण्या चिरडल्या!"

उडी मारून खाली उतरले, तर चाकाखाली पुठ्ठ्याचं खोकं. आणि खोक्यापुढे गुडघे टेकून बसलेला एक लांबडा, लाल कानांचा माणूस.

"कोण चिरडलं?"

"आयरिस."

"फुलझाडं? मग असं ओरडायचं असतं? जीव गेला ना माझा!"

"तुझा एकच गेला," तो म्हणाला. "माझे चार गेले."

असा भेटला मला आयव्हर. बॅलरॅट शहरातला. धंदा नळ दुरुस्तीचा, वेड आयरिसचं. आमच्या विमेरा या गव्हाच्या पट्ट्यातल्या आयरिस मंडळाची फेब्रुवारीतली बैठक होती, म्हणून आला होता. पुढच्या वर्षी राज्याचं मोठं प्रदर्शन आमच्याकडे यायचं होतं. त्याआधी लांबलांबचे लोक आपली नवी रोपं आमच्या बागांत वाढवायला देतात, पाहुणी म्हणून. पाहुणीला नाव नाही, नुसता नंबर. तिचा कोंब कुणाला द्यायचा नाही, तिचा पराग आपल्या फुलाला लावायचा नाही. प्रदर्शन झालं की मालकाला परत. नियम मोडला की मंडळातून नाव कमी.

आता माझं ऐका. मी नववीत शाळा सोडली, गव्हाचा ट्रक चालवते. गावात मी ट्रकवाली टॅम. पण मंडळाच्या हॉलमध्ये मोठमोठ्या बाया गड्डे कुजले की मलाच विचारायला येतात! तिथली माझी खुर्ची मला कुणी फुकट दिलेली नाही.

म्हणून मी खोक्यातला पाचवा गड्डा उचलला. अर्धा फाटला होता. वर चौदा नंबर लिहिलेला.

"हा जगवून दाखवते."

"आणि नाही जगला तर?"

"तर माझ्या ट्रकखाली तू झोप."

हसला तो. कान आणखी लाल...

जगला. दुसऱ्या ऑक्टोबरात, आमच्याकडच्या वसंतात, असा फुलला की काय सांगू! वरच्या तीन पाकळ्या दुधावरच्या सायीसारख्या, खालच्या तीन गर्द जांभळ्या, आणि मधली ती केसाळ दाढी — फुंकर मारलेल्या निखाऱ्यासारखी. प्रदर्शनाचे परीक्षक माझ्या वाफ्यापुढून हलेनात. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी.

आयव्हर आला, बघत राहिला. फुलाकडे... मग माझ्याकडे.

"माझ्याकडे तर ही रुसून बसायची. तू काय करतेस?"

"तू पाणी फार घालतोस. नळवाल्याची खोड. मी पाणी कमी घालते आणि रागावते. फुलांना रागावणारं माणूस लागतं."

"मलाही," तो हळूच म्हणाला.

मग शेडमागचं माझं फूल त्यानं हेरलं. मी स्वतः संकर करून केलेलं. टी-सात. कुणाला दाखवायची नाही मी ते. आमच्या अध्यक्ष नोएलीनबाई त्याला ओलं पोतं म्हणायच्या. हा मात्र उकिडवा बसला, बराच वेळ.

"पेरणीआधीच्या मातीचा रंग आहे हा," तो म्हणाला. "लपवतेस कशाला?"

असं कुणी बोललं नव्हतं, बाबा. कधीच.

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमट्यानं चौदा नंबरचा पराग काढला आणि टी-सातला लावला. कशाला? त्याचं काहीतरी माझ्याजवळ राहावं म्हणून... दुसरं काय!

बोंड धरलं. जानेवारीत नोएलीनबाईंनी ते पाहिलं.

"हे कुणाचं गं?"

"मधमाशीचं."

"असं? आणि मधमाशीला चिमटा कुणी दिला?"

मी बोंडापुढे आडवी उभी राहिले.

"मी काही पाहिलं नाही. तो शनिवारी पाहुणी न्यायला येतोय. त्याआधी तोडून टाक, टॅम. मला तुझं नाव कमी करायला लावू नकोस."

कात्री घेऊन तीनदा गेले. हात चालेना. आणि तोडून गप्प बसले असते तर त्या खुर्चीत मान वर करून बसले कशी असते?

आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. शनिवारी ऊन असं की पत्रा चटका देत होता. आम्ही पाहुणी खणून काढली. एका फाटक्या गड्ड्याचे सात झाले होते. त्याला झालेला आनंद पाहिला. तरी हाताला धरून शेडमागे नेलं.

"हे बोंड बघ. पराग तुझ्या चौदाचा आहे. मी चोरला. काय म्हणायचं ते म्हण."

त्यानं वाळलेल्या बोंडाला बोट लावलं, काढलं.

"विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाला असतास तर?"

"मी काय म्हणेन ते तूच ठरवलंस. राग त्याचा आहे. परागाचा नाही."

तो गाडीकडे चालायला लागला. मी बघत राहिले. तोच अर्ध्या वाटेतून वळला.

"बॅलरॅटच्या पावसात या बिया कुजतील. इथेच पेराव्या लागतील. फूल यायला तीन वर्षं."

"माहितेय मला."

"म्हणजे मला दर शनिवारी यावं लागेल. अडीच तास यायला, अडीच तास जायला..."

"सरळ बोल की रे!"

"तुझ्याशिवाय करमत नाही, टॅम. पाहुणा म्हणून यायचा कंटाळा आलाय."

माझे डोळे भरले. घामच असेल, म्हणा.

"मलाही नाही करमत," मी म्हटलं. "पण आधी मंडळात सांगणार. मग पेरायच्या."

"मी शेजारी उभा राहतो."

"मागे बसायचं. माझं मी सांगते."

सांगितलं. बावीस माणसांसमोर, उभी राहून, एक शब्द न गिळता. नोएलीनबाईंनी चष्मा काढला. "मालकाची तक्रार आहे?"

मागून आवाज आला, "मालक आहे. तक्रार नाही."

माझं नाव राहिलं, तरी शिक्षा झाली. वर्षभर प्रदर्शनात फूल ठेवायचं नाही. मी म्हटलं, कबूल. आणि माझ्याच खुर्चीत जाऊन बसले.

मार्चमध्ये आम्ही दोघांनी बिया पेरल्या. पत्र्याच्या पट्टीवर तो खिळ्यानं कोरत होता. मी वाकून वाचलं: टी-सात गुणिले चौदा.

"माझं आधी?"

"बोंड जिनं धरलं तिचं आधी," तो म्हणाला. "आईचं. नियमच आहे आपल्यात. हा तरी मोडू नकोस."

पट्टी मीच मातीत रोवली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल अशी.