थांबलेला आकडा

कुपवाडच्या कारखान्याबाहेर चहाची गाडी होती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मामा, एक कटिंग... साखर कमी."

मायानं तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. हा आवाज ती रोज ऐकत होती – साताऱ्याच्या ऑफिसात, फोनवर. कुपवाडचा महेंद्र भट्टीचं तापमान वाचून सांगायचा, ती कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरायची आणि म्हणायची, "हं, पुढं?"

आत्ताही तोंडातून तेच निसटलं. "हं... पुढं?"

तो गर्रकन वळला. "सातारा म्याडम? तुमी व्हय! मला वाटलं, चष्म्यावाली म्हातारी आसंल."

"आणि मला वाटलं, तुम्हाला नुसते आकडेच बोलता येतात."

तो हसला. तिची नजर चहात बुडाली. पण ती आली होती कशाला? भट्टीचं तापमान मोजणारा कंट्रोलर आपल्या तक्त्याला जोडून घ्यायला! संध्याकाळपर्यंत जोडणी झाली. आता आकडे आपसूक साताऱ्याला धावणार... फोनचं कामच संपलं. निरोप घेताना दोघंही उगाच वायरीकडं बघत राहिले.

साताऱ्यात तिला चैन पडेना. पडद्यावरचा आकडा जिवंत – क्षणात वर, क्षणात खाली. फोन मात्र मुका. उचलावा... पण कारण काय सांगावं?

एका दुपारी आकडा थांबला. पेटती भट्टी अशी गप्प बसत नसते. तिनं फोन लावला.

"महेंद्र, आकडा हलत नाही! तुम्ही... ठीक आहात ना?"

"ठीक हाय की. भट्टीबी ठीक. वायर उंदरानं कुरतडली. तवर मी आकडं वाचून सांगू?"

आवाज जरा जास्तच गोड होता. तिनं विचारलं, "केवढा उंदीर?"

पलीकडं भट्टीच्या घरघरीत तो खाकरला.

"महेंद्र?"

"हाय... साडेपाच फुटांचा."

हसू दाबत ती म्हणाली, "आधी वायर लाव. साहेब तक्ता बघतात."

आकडा पुन्हा थरथरला.

"लावली. आता फोन ठिवू?"

"ठेव म्हटलंय कुणी?"

तो घुटमळला. "माया... आकडं तिकडं पोचत्यात गं. पर तुजं 'पुढं' इकडं येत न्हाई. लय सुनं वाटतं. रविवारी येऊ का... तुज्या घरी? आईला घिऊन?"

तिनं हलत्या आकड्यावर अलगद बोट ठेवलं.

"हं," ती म्हणाली, "पुढं?"