कुलपाचं उत्तर

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते, नाहीतर ओसाड विहीर तरी लागतेच. इथं त्यातलं काही मिळणार नाही. थंडीतली लख्ख दुपार होती आणि मंजुषा आपल्या मावसभावाला, अभिमन्यूला, घेऊन चकलांब्याला एक विनोदी स्किट चित्रित करायला गेली होती. ऊन उतरायच्या आत काम आटपायचं आणि जीप पकडून केजला परतायचं, एवढाच बेत होता.

मंजुषा मूळची तेलगावची. मुंबईत टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात तिनं उमेदीची वर्षं घालवली. गेली होती लिहायला. लिहिलंही पुष्कळ, पण नाव यायचं दुसऱ्याचं आणि टाळ्या घ्यायचा साडी नेसलेला एक नट. हिच्या वाट्याला काय, तर खाटेवरून धपकन पडणं. “तू पडतेस फार छान,” असं दिग्दर्शक कौतुकानं म्हणायचा, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी ती वैतागून केजला आली, वनमालाबाईंच्या घरी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि अभिमन्यूच्या मदतीनं यूट्यूबवर स्वतःचा चॅनेल काढला. तिथंही तेच रडगाणं. ती चिखलात घसरली की लाखो लोक बघायचे. जीव ओतून लिहिलेल्या स्किटकडं कुत्रंही फिरकायचं नाही.

अशात मुंबईहून करिष्मा नावाच्या निर्मातीचा फोन आला. तिला नव्या कार्यक्रमासाठी लेखिका हवी होती. नटी नव्हे, लेखिका. “तुझं स्वतःचं लिहिलेलं एखादं पाठव,” ती म्हणाली होती. ही संधी हुकली तर उरलेला जन्म चिखलात घसरण्यातच जाणार, हे मंजुषाला स्वच्छ दिसत होतं.

स्किट तिनं घरचंच घेतलं होतं. ऊसतोडीचा हंगाम लागला की तिकडच्या गल्ल्याच्या गल्ल्या कुलूपबंद होतात. तिचा भाऊ राम आणि वहिनीसुद्धा दरसाल कोयते घेऊन कारखान्यावर जायचे. मागं राहतात म्हातारी माणसं. अशीच एक म्हातारी, बोलायला कुणी नाही म्हणून दारादारांवरच्या कुलपांशी भांडते. कुलूप गप्प आणि म्हातारी तोंड सोडून बोलतेय, यातच गंमत होती.

गल्ली रिकामी होती. बंद घरांना येतो तो वास, शेणाचा आणि विझून थंड पडलेल्या राखेचा, दारांच्या फटींतून बाहेर येत होता. समोरच्या ओट्यावर भिवराबाई नावाची एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तेवढंच काय ते माणूस. मंजुषानं नऊवारी सावरली, कमरेवर हात ठेवला आणि गंजलेल्या एका कुलपासमोर उभी राहिली.

“काय रं कुलपा? मालक कुठं उलथला तुजा?”

आणि ती थांबली. विनोदात हे थांबणं महत्त्वाचं. लोकांना हसायला जागा ठेवावी लागते, आणि ती किती ठेवायची हे मंजुषाला उपजत कळायचं. त्या क्षणी लांबवर चाललेल्या मोटारपंपाची घरघर एकाएकी बंद पडल्यासारखी तिला वाटली. कुठं पाखरूही बोललं नाही.

आणि अभिमन्यू फिस्सकन हसला. इतका हसला की कॅमेरा हलला. पलीकडं भिवराबाईनं तोंडात पदर कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. मंजुषा मनातून सुखावली. हा अभिमन्यू तिच्या वाक्यावर कधी हसल्याचं तिला आठवत नव्हतं. ती एकेका कुलपाशी भांडत पुढं गेली, प्रत्येक वाक्यानंतर थांबली, आणि प्रत्येक वेळी ती दोघं पोट धरून हसली.

घरी आल्यावर दोघं संकलनाला बसली. पडद्यावर मंजुषा बोलत होती, थांबत होती, आणि मध्ये नुसती शांतता होती.

“ही जागा काप,” ती म्हणाली. “लांबतंय.”

“अगं ताई, मंग उत्तर कसं ऐकू यील?”

“कुणाचं उत्तर?”

“कुलपाचं! आत म्हातारी कोन बसवली हुती तू? लई खट बोलली राव.”

मंजुषाला वाटलं, हा थट्टा करतोय. “काय बोलली, सांग बरं.”

त्यानं सांगितलं. म्हणजे त्याचे ओठ हलले, भुवया वर गेल्या, शेवटी तो स्वतःच खो खो हसला. आवाज मात्र तिच्यापर्यंत आलाच नाही. “नीट बोल ना!” ती ओरडली. त्यानं पुन्हा ओठ हलवले. मग वैतागून मोबाइलवर टाइप करून दाखवलं. तिला पांढरा पडदा दिसला.

तिनं वनमालाबाईंना हाक मारली. घरमालकीणबाई पीठ लागलेल्या हातानं आल्या, व्हिडिओ बघितला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. “अगं बया… असं कुनी नवऱ्याला बोलतं का? तुजं डोकं भारीच हाय बग मंजुषा!”

खरं सांगायचं तर भीती नंतर आली. आधी आला तो संताप. इतकी वर्षं तिची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी गेली होती. आता कुठं तिच्या नावावर लोक हसायला लागले, तर ती वाक्यंच तिची नव्हती, आणि ती ऐकायचीही तिला सोय नव्हती.

तरी तिनं व्हिडिओ पाठवला. का पाठवू नये? रात्रीच्या आत करिष्माचा फोन आला. “मंजुषा, ती उत्तरं! अगं, कुणी लिहिली ती?”

“मीच,” मंजुषा म्हणाली.

“अजून पाठव.”

मग ती लिहायला बसली. कुलपाची उत्तरं तिनं स्वतः रचली, खोडली, पुन्हा रचली. वनमालाबाईंच्या आवाजात ती ध्वनिमुद्रित केली. करिष्माचं उत्तर चटकन आलं. “हे सपाट वाटतंय गं. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतल्यासारखं. तू तुझं पाठव ना.”

मंजुषानं मोबाइल गादीवर आपटला आणि उशीत तोंड खुपसून ओरडली.

ती एकटीच पुन्हा चकलांब्याला गेली. ते कुलूप तसंच होतं, दाराला कोळ्यानं जाळं विणलेलं. भिवराबाई ओट्यावर होती.

“मावशी, या घरात कोण राहतं?”

“कोनीच न्हाई. समदे कारखान्यावर गेलेत.”

“मग त्या दिवशी आतून बोललं कोण?”

“आतून?” भिवराबाईनं शेंगांवरची नजर उचलली. “आतून कशाला बोलंल, बाई… तुज्यापाशीच त हुती ती. तुज्या खांद्याला खांदा लावून.”

मंजुषा जीपपर्यंत जवळजवळ पळत गेली. आणि मग तिच्या ध्यानात यायला लागलं. बाजारात तिनं “मेथी कशी दिली?” विचारलं, श्वास घ्यायला थांबली, आणि भाजीवाली खळखळून हसली. दवाखान्यात गोळ्या मागितल्या, तर रांगेतली माणसं हसली. ती जी कोण होती, ती गल्लीत राहिली नव्हती. मंजुषा जिथं थांबेल तिथं ती बोलत होती, आणि अख्ख्या केज गावात ते ऐकू न येणारी मंजुषा एकटीच होती.

संक्रांतीनंतर गावातल्या एका पुढाऱ्याच्या पत्नीनं मंगल कार्यालयात हळदीकुंकू ठेवलं आणि स्किटसाठी मंजुषाला बोलावलं. दुपारचा कार्यक्रम, बायकांची ही गर्दी, तिळगुळाचा आणि अत्तराचा वास. करिष्मा मुंबईहून मोबाइलवर थेट बघणार होती. आवडलं तर काम पक्कं. रंगमंचावर एक लाकडी दार उभं केलं होतं आणि त्याला नवंकोरं कुलूप होतं.

पहिल्या वाक्यालाच सभागृह फुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मंजुषा बोलायची, थांबायची, त्या शांततेत एकटी उभी राहायची, आणि हशाची लाट तिच्या अंगावर यायची. पुढच्या रांगेतल्या बायका तिच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्यांचे डोळे तिच्या शेजारी, उजवीकडं लागले होते. जन्मभर तिनं जो हशा मागितला तो समोर होता, आणि त्यातला एकही कण तिचा नव्हता.

तिच्या डोक्यात तिडीक उठली. नऊवारीचा पदर खांद्यावरून ओढून काढत तिनं स्किट सोडून दिलं.

“कोन हायस तू?” ती किंचाळली. “काय पायजे तुला माज्याकडून?”

बायकांना तेही स्किटच वाटलं. त्या हसायच्या तयारीत तोंड उघडून बसल्या. मंजुषा थांबली. या वेळी बराच वेळ थांबली.

कुणीच हसलं नाही.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं लेकराचं तोंड आपल्या मांडीत दाबून धरलं. कुणाच्या तरी हातातलं ताट खाली पडलं. मग एकेक बाई उठली. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. नुसत्या खाली मान घालून निघाल्या. वाण न घेता निघाल्या. जाता जाता एका म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि डोळे पुसले.

“अभ्या… काय म्हणाली ती?”

अभिमन्यूनं तिचा हात धरला. “ताई… चल घरी.”

“सांग की रे!”

“तुला ऐकू येत न्हाई… तेच बरं हाय.”

वाटेत करिष्माचा निरोप आला. “काम तुझंच. लेखिका म्हणून तुझं नाव टाकतेय. आजच टाकतेय.”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून माणसं यायला लागली. तेलगावहून तिची आई छबुबाई आली, आश्रुबा मामा आले. दुपारी राम आणि वहिनी आले, थेट कारखान्यावरून. मरण असलं तरी मुकादम हंगामात कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, सोडत नाही, तरी यांना सोडलं होतं. कुणी कुणाला बोलावलं होतं, ते कळेना. सगळे अंगणात चटईवर बसले, हलक्या आवाजात बोलत. आईनं तिला आवडते म्हणून शेंगदाण्याची पोळी आणली होती. “खाय बाई. पोटभर खाय.”

“अरे, झालंय काय तुम्हाला?” मंजुषा चिडून म्हणाली. “असे बसलात की जणू मीच गेलेय! आणि गेलेच असते, तर पोळी कुणासाठी आणलीस गं आई?”

आणि सगळे हसले. राम हसला, वहिनी हसली, अभिमन्यू हसला. तिच्या स्वतःच्या वाक्यावर, अगदी वेळेवर, मोठ्यानं. आजारी माणसाचं मन राखायला हसतात तसं. छबुबाईच्या डोळ्यांतून तर पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

मंजुषा बोलतच सुटली. मुंबईतले किस्से, साडीवाला नट, खाटेवरून पडणं. ती कुठं थांबत नव्हती. श्वाससुद्धा वाक्याच्या पोटात घेत होती. प्रत्येक वाक्याला सगळे हसत होते. ऊन अंगणाच्या कडेला सरकलं. तिचा घसा कोरडा पडला, आवाज फाटायला लागला. वनमालाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

“घे गं… घोटभर पी.”

ती नको नको म्हणत होती, पण शेवटी खोकला अनावर झाला. तिनं तांब्या तोंडाला लावला.

तांब्याच्या काठावरून तिनं बघितलं. सगळ्यांच्या माना एकदम तिच्या उजव्या बाजूला वळल्या होत्या. सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मग आश्रुबा मामांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या चटईपुढं दोन्ही हात जोडले.

“व्हय माय,” मामा म्हणाले, “तुमचंच हाय ते लेकरू, आमी कुठं न्हाई म्हनतो… पर आजचा दिस तरी आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या.”