गाळलेली ओळ

लोक गुगलवर काय शोधतात हे फार्महाऊसवाल्यांना सांगणं, हे माझं काम. भिसेगावात घरी बसूनच करते. 'कर्जत फार्महाऊस पूलसहित', 'खोपोलीजवळ सहलीची ठिकाणं' असले शब्द आणि त्यांच्यापुढे महिन्याला किती जणांनी ते शोधले त्याचा आकडा. शेठलोक त्या आकड्याकडे देवाच्या कौलासारखे बघतात. मी नाही. एकच शब्द हे आकडे देणाऱ्या दोन टूलमध्ये टाका, दोन वेगळे आकडे येतात. सगळा अंदाजपंचे कारभार. मला त्या आकड्यांचा राग येतो आणि माझं पोट त्यांच्यावरच चालतं.

साजगावच्या मागे, डोंगराला लागून असलेल्या एका फार्महाऊससाठी अशा शब्दांची यादी काढली, तेव्हा तळाशी एक ओळ दिसली: 'कमलेश कुठं हाय'.

माझा धाकटा भाऊ कमलेश तिथेच राखणीला होता. मीच शेठला सांगून त्याला चिकटवला होता. मी हसले. जगात काय तो एकटाच कमलेश आहे? पण हे टूल ठिकाण सांगताना एरवी तालुक्याच्या खाली उतरत नाही. आज तिथे फार्महाऊसचं नाव होतं.

दुसऱ्या टूलमध्ये तीच ओळ टाकली. शून्य. मग पहिल्याची लबाडी पकडायला मुद्दाम एक अर्थहीन शब्द रचून त्यात टाकला. त्यानेही निमूट शून्य दाखवलं. म्हणजे ते मनचं सांगत नव्हतं. याचाच मला जास्त राग आला.

असली भरकटलेली ओळ आम्ही कचरा म्हणून रिपोर्टमधून गाळतो. मी गाळली.

पुढच्या महिन्यात ती परत आली, आकडा वाढलेला. खाली आणखी एक: 'कमलेश निळ्या चपला'.

कमलेश कायम काळे सँडल घालायचा. रविवारी तो जेवायला आला आणि दारात नव्याकोऱ्या निळ्या चपला काढल्या.

जेवतानाच मी त्याला नोकरी सोड म्हणाले. कारण ऐकून तो खदखदून हसला.

"तूच बोलतेस ना, आकडे खोटे अस्तात?"

"खोटेच असतात."

"मंग? शेठ मला पर्मनंट करनार हाय. तू मधी कडमडू नको, ताई. तुला माझं बरं झालेलं बघवत नाय."

ते फार लागलं. "मर मग तिथेच," मी म्हणाले.

ताट अर्धं टाकून तो गेला. एका फोनवर मी शेठला सांगून त्याला काढायला लावू शकले असते. नाही केला फोन. दोन्ही ओळी मात्र गाळल्या.

आठवड्याभरात शेठचाच फोन आला. "हर्षला, तुमचा भाऊ न सांगता पळालेला दिसतो." आवाज असा, की शिवीच ऐकू यावी.

खोपोलीहून रिक्षा करून गेले. लाद्या बदलायच्या म्हणून पूल कधीचा कोरडा होता. तळाशी वाळू आणि सिमेंटची रिकामी पोती. काठावर निळ्या चपला, जोडीने, पायऱ्यांकडे तोंड करून.

उचलल्या तर ओल्या. पाणी ठिबकत होतं.

मी हाका मारल्या. समोर डोंगर उभा होता, पण माझा आवाजसुद्धा परत आला नाही.

हातातल्या फोनवर गुगललाच विचारलं. घरची बोली मी कॉलेजात असताना टाकून दिली होती. तीच तोंडून निघाली.

"कमलेश कुठं हाय?"

पोलिसांनी डोंगर पालथा घातला, विहिरी उपसल्या. काही नाही.

आज भर दुपारी यादी काढली. ती जुनी ओळ गेली आहे. तिच्या जागी नवी आहे, ठिकाण तेच.

'ताई कवा येनार'

मला ताई म्हणणारा एकच होता.

आकडा मोठा आहे. मी बघत असतानाच वाढतो आहे.

मला त्याच्याकडे जायचं आहे. आणि मला भीती वाटते, इतकी की खुर्चीतून उठवत नाही.

दुसऱ्या टूलमध्ये टाकून पाहिलं. शून्य.

"हेच खरं," मी मोठ्याने म्हणाले, आणि ओळ गाळली.

घरी आणून गॅलरीत उन्हात ठेवलेल्या निळ्या चपलांमधून अजून पाणी ठिबकतं आहे.