पेंढा भरलेला सारस

स्वतःच्या पसंतीने मी विकत घेतलेली पहिली वस्तू म्हणजे एक मेलेला पक्षी. साडी किंवा बांगड्या पसंत करण्याचा प्रश्न पती गेले त्याच दिवशी निकालात निघाला होता.

१९३८ सालचा श्रावण होता. लाकडाचे ठेके घेणारा एक गोरा साहेब गोंदिया सोडून विलायतेला निघाला होता आणि नागऱ्याच्या वाटेवरच्या त्याच्या बंगल्यात सामानाचा लिलाव चालू होता. पाऊस बारीक होता. व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा आणि जुन्या गालिच्यांचा वास कोंडला होता. न खपणारी वस्तू खपणाऱ्या वस्तूच्या गळ्यात बांधायची, ही लिलाववाल्याची रीत. त्याने कॅमेऱ्याचे एक लांबट भिंग पेंढा भरलेल्या सारसाच्या पायाशी ठेवले आणि ओरडला, “दोनों मिलाके एक नग! अलग नहीं होगा!”

मी बोली लावली. समोरून कोणीतरी वाढवली. मी पुन्हा वाढवली, त्यानेही. अखेर गर्दीतून वाट काढत एक उंच, किंचित वाकून चालणारा तरुण माझ्यापाशी आला. त्याच्या बोटांची टोके काळी पडली होती. सिल्व्हर नायट्रेट, फोटोवाल्यांचे रसायन, मी मनात म्हटले.

“बाई, तुमाले भिंग कायले पायजे?”

“मला भिंग नको. पक्षी हवा आहे.”

तो क्षणभर माझ्याकडे, मग सारसाच्या काचेच्या डोळ्यांकडे पाहत राहिला. “अन् मले पक्षी नको... मंग आपन भांडून कायले राहिलो?”

त्याचे नाव चैतराम. स्टेशनाजवळ त्याचे फोटोचे दुकान होते. आम्ही दोघांनी मिळून तो नग घेतला. भिंगाची पेटी काखेत मारून तो निघाला, पायरीवर थांबला, मागे वळला.

“मेलेल्या पक्ष्याचं कराल काय? शोभेले ठेवाल?”

“त्याला फक्त इथून हलवायचे आहे.”

कारण साधे होते. साहेबाने आषाढात बंगल्यामागच्या तळ्यावरच्या सारसांच्या जोडीतला एक टिपला आणि पेंढा भरून व्हरांड्यात उभा केला. दुसरा पक्षी तळे सोडून गेला नाही. दिवसभर तो मान खाली घालून पाण्याच्या कडेने उभा असे. नर मेला, मादीने अन्न सोडले, असे मुर्रीपासून नागऱ्यापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकले. बायका आपापल्या विधवा सुनांना घेऊन येत. आधी व्हरांड्यातला नर दाखवीत, मग तळ्यावरची मादी. माझ्या सासूबाई अनुसयाबाई मलाही घेऊन गेल्या होत्या. आमच्याकडच्या रीतीने मी त्यांना मामीजी म्हणत असे. नागपूरच्या सायन्स कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकत होते. लग्नामुळे ते सुटले आणि विषमज्वराने लग्नही सुटले. आता मी मुलींच्या शाळेत शिकवीत होते, मुर्रीला मामीजींजवळ राहत होते आणि दिवसातून एकदाच जेवत होते. मामीजी तर ऐन तारुण्यात विधवा झाल्या, तेव्हापासून एकदाच जेवत आल्या होत्या. रात्री दोघी पाणी पिऊन निजत असू. शिकवण्याचे साधनच उचलून आणले म्हणजे धडा थांबेल, असे मी धरून चालले होते. ते चुकले.

मामीजींना माझी खरेदी फार आवडली. सारस त्यांनी माजघरात भिंतीशी उभा करविला, आणि त्याच्यासमोरून जाताना त्या डोक्यावर पदर ओढून घेऊ लागल्या.

“मामीजी, तो पेंढा आहे.”

“पेंढा असो का काई असो. परका गडी हाये.”

मी फूटपट्टीने त्याचे पाय आणि पंख मोजले. सारसात मादी सहसा नराहून लहान असते. हा पक्षी मला लहान वाटला. पण एकट्या मापावरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून मी गप्प बसले. माझ्या शास्त्राची ही एक अडचण आहे. ते योग्य वेळी गप्प बसते आणि मग अयोग्य वेळी बोलते.

पुढच्या रविवारी चैतराम नवे भिंग आजमावायला तळ्यावर आला. मी तिथे होतेच, आणि मामीजीही. त्यांना लांबचे दिसत नसे. तरी त्या बांधावर माळ ओढत बसत, उपाशी पक्ष्याला सोबत म्हणून. तिपाईवर कॅमेरा ठेवून, काळे कापड डोक्यावर घेऊन तो बराच वेळ वाकून राहिला. मग कापडातूनच म्हणाला, “बाई, हा शोक करून राहिला का जेवून राहिला? तुमीच पाहा.”

मी कापडाखाली शिरले. आत उष्ण काळोख होता, रसायनाचा वास होता, आणि दुधी काचेवर तो पक्षी होता, अगदी हाताशी. त्याची मान पाण्यात होती. ती वर आली तेव्हा चोचीत एक बेडूक होता. मागचे पाय अजून हलत होते. पक्ष्याने मान उंचावली, गिळला, आणि पुन्हा मान खाली घातली.

सारा मुलूख ज्याला शोक म्हणत होता ते जेवण होते.

“मामीजी, इकडे या. तो खातो आहे.”

मामीजी आल्या, कापडात डोके घालून पाहिले आणि ताबडतोब बाहेर आल्या. “उलटा दिसून राहिला! पाय वर अन् डोस्कं खाली.”

“मामीजी, काचेवर तसंच दिसते,” चैतराम म्हणाला. “भिंगाचा गुनच हाये तो.”

“जे यंत्र पक्ष्याले उलटं उभं करते, ते खरं बोलते असं मी कायले मानू?”

यावर मला उत्तर होते, पण ते प्रकाशकिरणांच्या आकृतीवाचून देता येत नव्हते.

रविवार येत राहिले. चैतराम सारसाचे फोटो काढी आणि मधूनमधून भिंग माझ्याकडे वळवी.

“या भिंगात तुमी मावत नाई, बाई. लांबचं जवळ आनते हे. जवळचं मात्र धुक्यात जाते.”

“मग मी लांब जाऊ?”

“नको...” तो भिंगाशी उगाच चाळा करीत म्हणाला, “भिंगच काढून ठेवतो.”

आश्विनात तळ्यात शिंगाडे झाले. एका संध्याकाळी त्याने उकडलेल्या शिंगाड्याचे काळे कवच सोलून पांढरा गर माझ्यापुढे धरला. माझे एक वेळचे जेवण सकाळी झाले होते. मी मान हलवली.

“शिंगाडा उपासाले चालते. मी विचारून आलो.”

“कोणाला विचारलेत?”

“माह्या पोटाले.”

मी हसले. त्या घरात गेल्यापासून आवाज करून हसल्याचे मला आठवत नाही. मग मी शिंगाडा घेतला, आणि त्याची काळी बोटे माझ्या बोटांना लागली. माझी नाडी वेगाने चालू लागली. भुकेनेही असे होते. म्हणून मी त्यावरून काही अनुमान काढले नाही. दुसरा शिंगाडा खाल्ल्यावरही ती उतरली नाही, तेव्हा काढले.

“माही बायको बाळंतपनात गेली,” तो तळ्याकडे पाहत म्हणाला. “तेराव्यालेच दोन स्थळं आली. मी कोनालेच हो म्हटलं नाई. पन जेवलो, बाई. दोनी टाइम जेवलो. लाज वाटे... पन कोनी मले जेवू नको म्हटलं नाई.”

त्याच आठवड्यात तो घरी आला. माजघराच्या उंबऱ्याशी उभा राहून मामीजींना सरळ म्हणाला, “मी आडून बोलत नाई. मले जमुनाबाईंसंग पाट लावायचा हाये.”

मामीजींच्या हातातली माळ थांबली. “लोकं विधवेचा पाट लावतात. आमच्या घरात लावत नाईत. तुले ठाऊक नाई का?”

“ठाऊक हाये. म्हनून तर विचारून राहिलो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले नाही. माझ्या बाजूने तेवढेच उत्तर होते. मामीजींनी माळ गुंडाळून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, “ती मुकी बाई तळ्यावर उपाशी उभी हाये. तुमी म्हनता, खाते. बरं. धान खळ्यावर येईतो ती जगली, तर मी सोता पाट लावून देईन. मेली... तर फोटोवाल्यानं या दाराले पाय लावू नये, अन् जमुनानं पुन्हा हा विषय काढू नये.”

एका पक्ष्यावरून नियम सिद्ध होत नाही. असा प्रयोग मी शाळेतल्या मुलीलाही करू दिला नसता. तरी मी होकार दिला, कारण मला दुसरा कोणताही प्रयोग कोणी देऊ करत नव्हते.

कार्तिक लागला. धान पिवळे झाले. पक्षी आता तळे सोडून शेतात उतरू लागला, आणि मी शाळेच्या वाटेवर रोज त्याला पाहत असे. देवावर माझा विश्वास नव्हता, त्यामुळे काळजी करण्याचे सगळे काम मला एकटीलाच करावे लागे.

कापणीला विळे लागले होते, तेव्हा एका सकाळी दाट धुके पडले. चैतराम दारात आला. त्याच्या हातांत पोत्याने झाकलेले काहीतरी होते आणि पोत्याबाहेर एक लांब, तांबूस पाय लोंबत होता.

“रेल्वेच्या कडच्या तारेवर आदळला,” तो म्हणाला. “धुक्यात दिसली नसन तार.”

मागोमाग शेजारच्या बायका आल्या. एकीने तर फुलेही आणली होती. “गेली ना शेवटी!” “दुःखानं आंधळी झाली होती, तार कशी दिसन!” मानेवर तारेचा वळ स्पष्ट होता, मणका तुटला होता; पण ते पाहायला कोणी आले नव्हते.

मामीजींनी जिंकल्याचा कसलाही भाव दाखवला नाही. “ठरलं होतं,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून बसल्या. चैतरामने पक्षी अंगणात ठेवला. “हो. ठरलं होतं. मी चाललो.” माझ्याकडे न पाहता तो वळला.

“थांबा,” मी म्हटले. “पंख धरा.”

ट्रंकेच्या तळाशी कॉलेजातली विच्छेदनाची पेटी होती. वस्तऱ्याला थोडा गंज चढला होता. बायका तोंडाला पदर लावून कुंपणापर्यंत मागे सरल्या; मामीजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. चैतरामने पंख फाकवून धरले आणि मी पोट उघडले. दाणे दळणारी मांसल पिशवी घट्ट फुगली होती. मी ती चिरून घरातल्या पितळी ताटात रिकामी केली. धान. ताटभर नव्या पिकाचे धान, चार बारीक खडे, आणि बेडकाचे एक हाड.

मामीजी पुढे सरकल्या. त्यांनी दोन दाणे बोटांत धरून दाबून पाहिले.

“हे... आजचं हाये?”

“आज सकाळचे. अजून भरडलेही नाही. मरण्याआधी घटकाभर तो जेवत होता.”

“तो?”

मी आतडे बाजूला केले. मूत्रपिंडांवर दोन फिकट, लांबट शेंगदाण्यांसारख्या गाठी होत्या. पक्ष्यांत वृषण असे पोटातच असतात. “हा नर आहे, मामीजी. साहेबाने मारली ती मादी. माजघरात आहे ती.”

कुंपणाशी कोणीतरी फुले खाली टाकली. मामीजी ताटाकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान वळवून चैतरामकडे पाहिले.

“बायको मेली... अन् हा जेवत राहिला.”

“हो, मामीजी,” चैतराम हलकेच म्हणाला. “मीबी.”

“मंग मी कायले उपाशी राहिली?”

प्रश्न मला नव्हता, चैतरामला नव्हता. ज्यांना तो विचारायचा, त्यांच्यापैकी कोणी आता जिवंत नव्हते. त्यांचा आवाज चढला नव्हता, डोळेही कोरडे होते. फक्त हातातले दोन दाणे त्यांना खाली ठेवता येत नव्हते.

आम्ही पक्षी तळ्याच्या बांधावर पुरला. परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. मामीजी माजघरात पेंढा भरलेल्या सारसापुढे उभ्या होत्या, डोक्यावर पदर नव्हता. देव्हाऱ्यातल्या करंड्यातले कुंकू त्यांनी चिमटीत घेतले आणि त्या काचेच्या डोळ्यांच्या मधोमध लावले.

“सवाष्ण गेली बिचारी. अन् मी हिच्यापुढं पदर ओढून राहिली.”

चैतराम उंबऱ्याबाहेर थांबला होता. “मामीजी, बोलल्याप्रमानं मी...”

“मी बाईपक्ष्यावर बोलली होती. हा तर गडी निघाला. गड्याच्या मरनावर माही सून कायले बांधू?” त्या चुलीकडे वळल्या. “हात धू. रक्त लागलं हाये.”

मी त्याच्या हातांवर पाणी ओतले. रक्त गेले, बोटांचा काळा रंग गेला नाही. माझ्या हाताला हात लावून तो पुटपुटला, “आतातरी तुमचा एक फोटो... जवळून?”

“आधी जेवा,” मी म्हटले. “मग भिंग काढून ठेवा.”

चुलीवर भात शिजत होता. पती गेल्यापासून संध्याकाळी त्या घरात हा वास मी पहिल्यांदा घेत होते. मामीजींनी ताटे मांडली, आधी दोन, मग थांबून तिसरे. बसल्या. पहिला घास उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि खाल्ला. खूप वेळ चावत राहिल्या.

मग ताट माझ्याकडे सरकवले.

“वाढ,” त्या म्हणाल्या.