रिकामं आठवं सॉकेट

प्रयोगशाळेतल्या त्या लांब टेबलावर थोरलीचं राज्य होतं, तेही चांगलं बावीस वर्षं. टेबलाच्या एका टोकाला तेलाचा पंप, मग बारीक तोटी, तोटीभोवती काचेची खिडकी असलेला लोखंडी डबा, बाजूला लेसर, त्याच्या तोंडाशी शटर, आणि खिडकीकडे डोळे लावून बसलेले दोन कॅमेरे. तोटीतून फवारा उडाला की त्याच क्षणी शटर उघडायचं, लेसर लखलखायचा आणि कॅमेऱ्यांनी तो फवारा थेंबाथेंबाने टिपायचा. क्षण म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या बारीक फटीत ही सगळी मंडळी एकदम हजर करायची म्हणजे खायचं काम नाही. थोरली ते करायची, स्वतः जोडलेल्या एका डबड्यावरची सहा बटणं हळूहळू पिळून. दहातले सहा फोटो बरे निघायचे. बाकीच्या चारांबद्दल ती पंपाला शिव्या घालायची.

सोमवारी नवा टायमिंग कंट्रोलर आला. जाड पुस्तकाएवढी राखाडी पेटी. मागे आठ सॉकेटं, पुढे छोटा स्क्रीन, आणि मागच्या कोपऱ्यातून निघालेली एक तार. पेटी बसवायला कंपनीने पाठवलेली इंजिनियर तिच्याच मागून आत आली आणि थोरलीच्या गळ्यात पडली. ती तिची पाठची बहीण होती.

आता परका कुणी आला असता तर थोरलीने चार दिवस तोंड फुगवलं असतं आणि पाचव्या दिवशी चहा पाजला असता. पण ही धाकटी. हिला सोल्डरिंग शिकवलं ते थोरलीने, घरच्या ओट्यावर, हिची बोटं भाजू नयेत म्हणून स्वतःची भाजून घेत. घरात तिला ‘ठमे’ म्हणणारी थोरली एकटीच; आई नावाने हाक मारायची, तीही कौतुकाने ओथंबून. आठवडाभर धाकटी घरीच राहायला होती, त्यामुळे ते कौतुक दोन्ही वेळा ताटात पडत होतं.

त्यात सोमवारीच प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी थोरलीला खोलीत बोलावलं. ‘शुक्रवारी पाहुणे येतायत. चाचणी नीट झाली तर टेबल तुमच्या बहिणीकडे देतोय, तिला इथेच ठेवून घेऊ. तुम्हाला खाली भांडारात बसवू. तुमच्या तब्येतीलाही बरं, दिवसभर उभं राहायला नको. तिला इतक्यात बोलू नका हं, मीच सांगेन.’

खोटं कशाला बोला, थोरलीच्या पोटात आग पडली. ती ‘बरं’ म्हणाली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली.

मंगळवारी धाकटीने सॉकेटं जोडायला घेतली. पहिल्यात पंप, दुसऱ्यात तोटी, तिसऱ्यात लेसर, चौथ्यात शटर, पाच-सहात कॅमेरे, सातव्यात फोटो साठवणारा संगणक. आठवं रिकामं राहिलं.

‘सोपं आहे गं, ताई. आधी कोण किती आळशी आहे ते मोजायचं. पेटीने हुकूम सोडला की गडी कधी हलला ते ही परतीची तार सांगते. पंप सगळ्यात सुस्त, मग त्याला हुकूम सगळ्यात आधी. लेसर काय, कमरेला पदर खोचून तयारच असतो, त्याला शेवटी. निघाले वेगवेगळे तरी पोचतात एका ठोक्याला.’

‘आणि कुणाला किती आधी, ते ठरवायचं कुणी?’

‘पेटीने. दर चाचणीला शिकते, चूक कमी करत जाते. आपण फक्त बघायचं.’

आपण फक्त बघायचं, हे थोरलीला फार लागलं.

अकरा वाजून दोन मिनिटांनी पहिली चाचणी झाली. स्क्रीनवर सात ओळींत सात आकडे आले. तेवढ्यात सर डोकावले, आकडे बघून म्हणाले, ‘वा. बावीस वर्षांत आम्हाला कळलं नव्हतं पंप किती उशीर करतो ते.’ धाकटी संकोचून हसली. सर गेले. ती केबल घ्यायला वाकली तेव्हा तिचा छोटा स्क्रूड्रायव्हर टेबलाच्या कडेला पडला होता, तो थोरलीने उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला. हात जणू आपसूक गेला. धाकटी शोधायला लागली तेव्हा तीही शोधल्यासारखं करत होती. वर नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ११.०६, लहान स्क्रूड्रायव्हर सापडत नाही.

‘हे बघ काय गंमत,’ धाकटी म्हणाली. ‘आठव्याचाही आकडा आलाय.’

आठव्या ओळीत दोन लाख एकावन्न हजार दिसत होतं, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे चार मिनिटं अकरा सेकंद.

‘तिथे तर काही जोडलेलं नाही.’

‘कुठला तरी फालतू सिग्नल असेल.’ धाकटीने ओळ पुसून टाकली. ‘एवढा आळशी तर आपला मामासुद्धा नव्हता.’

बुधवारी दुपारी दुसरी चाचणी चालू असताना थोरलीचा फोन वाजला. आई होती. ‘धाकटी जेवली का गं? काल दमलेली दिसत होती.’ थोरली सकाळपासून उपाशी होती, ते कुणी विचारलं नाही. ‘तिला दे जरा,’ आई म्हणाली. धाकटी चार हातांवर उभी होती. थोरलीने तिच्याकडे पाठ केली आणि सांगितलं, ‘ती नाही म्हणते. कामात आहे, तुझ्याशी बोलायला वेळ नाही म्हणाली.’ ‘बरं’ म्हणून आईने फोन ठेवला.

वळून बघते तो आठवी ओळ पुन्हा भरलेली. पन्नास सेकंद.

‘पुसलेली परत कशी आली?’ धाकटी कपाळाला आठ्या घालून म्हणाली. ‘आणि सुधारतोय बघ हा. पेटीला वाटतंय इथे खरंच कुणीतरी आहे.’

थोरलीचं सगळं आयुष्य वेळा लिहिण्यात गेलेलं. तिने सहज म्हणून चाचणीची वेळ पाहिली, दोन वाजून सोळा मिनिटं दहा सेकंद. त्यात पन्नास मिळवले. मग फोनमध्ये पाहिलं. आईचा फोन संपला होता दोन सतराला. ती नोंदवहीची मागची पानं उलटायला लागली आणि मंगळवारच्या पानावर थांबली. अकरा दोनमध्ये चार मिनिटं अकरा सेकंद मिळवायला कागद लागत नाही.

पहिल्यांदा तिला लाज वाटली. पेटी आपल्यावर नजर ठेवून आहे, आपला हलकटपणा मोजते आहे, असं वाटून कान तापले. घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. घराच्या जिन्यात मात्र तिचे पाय थांबले. पेटी नजर ठेवत नाही. पेटी आधी हुकूम सोडते आणि मग गडी कधी हलतो ते बघते.

गुरुवारी सकाळी ती स्टुलावर दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसली. आज काही उचलायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही, हलायचंच नाही. धाकटीने बटण दाबलं. दारात सर उभे होते. आणि थोरलीने एक आवाज ऐकला, इतरांनी ऐकला तसाच.

‘काल हिने पंपाचा कॉक उघडा टाकला होता. मी बंद केला म्हणून निभावलं.’

आवाज तिचाच होता. कॉक कुणीच उघडा टाकलेला नव्हता.

सरांच्या भुवया वर गेल्या. धाकटीने बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘असेल. दमले होते काल.’

आठवा: नऊ सेकंद.

दुपारी दोघी खिडकीशी चहा पीत होत्या.

‘ठमे, उद्या ती पेटी नको लावूस. माझ्या डबड्यावर करू.’

‘का गं?’

आता का ते सांगायचं म्हणजे स्क्रूड्रायव्हर सांगावा लागणार, आईचा फोन सांगावा लागणार, कॉक सांगावा लागणार. भांडार सांगावं लागणार, आणि ते कळल्यापासून आपल्याला तू डोळ्यांसमोर नको झाली आहेस हेही. थोरलीने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांशी होते. तीन शब्दांत सुटली असती बाई.

‘काही नाही. सहज.’

‘तुला वाईट वाटतंय का, पेटीमुळे?’

‘मला? छे.’

धाकटीने तिच्या हातावर हात ठेवला. त्या हातावर भाजल्याची एकही खूण नव्हती. थोरलीने चहाचं निमित्त करून आपला हात काढून घेतला.

संध्याकाळच्या चाचणीत आठव्याचा आकडा सेकंदाच्या आत आला. आपण त्या वेळी काय केलं हे थोरलीने आठवून पाहिलं. काही केल्याचं आठवेना.

शुक्रवारी अकराला पाहुणे जमले. सरांनी सगळ्यांना लेसरचे रंगीत चष्मे वाटले. डब्याच्या काचेवरून झोत कधी कुठे उसळेल सांगता येत नाही, चष्मा डोळ्यांवरून हलवायचा नाही, हेही बजावलं. धाकटीने आपला चष्मा नीट बसवला. स्क्रीनवर आठ ओळी ओळीने उभ्या होत्या. पेटीने प्रत्येकाला किती आधी हाक मारायची ते ठरवून टाकलं होतं. आठव्यालाही.

‘थांब ना इथेच,’ धाकटी म्हणाली. ‘तुझंच टेबल आहे.’

‘आलेच,’ थोरली म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर लांब व्हरांडा होता आणि टोकाला हात धुवायचं बेसिन. ती तिथपर्यंत गेली. इथून हात पोचत नाहीत. दोन्ही मुठींनी तिने बेसिनची कड पकडली. मग कालची जीभ आठवली. तिने खिशातला रुमाल काढला, त्याची घडी दातांत धरली आणि जबडा आवळला.

बंद दारातून धाकटीचा आवाज आला. पाच. चार.

रुमालाला साबणाचा वास होता.

तीन. दोन.

थोरलीने डोळे मिटले. तिच्या तोंडून श्वासाशिवाय काही निघालं नाही. याबद्दल तिला पुढेही कधी शंका आली नाही.

एक.

काडी मोडावी तसा आवाज झाला. मग टाळ्या.

ती आत गेली तेव्हा सगळे स्क्रीनसमोर होते. फवारा असा कधी दिसला नव्हता. थेंबन् थेंब सुटा, दोन थेंबांमधली जागासुद्धा मोजून घ्यावी. सर तिच्याकडे न बघता हसत होते. पेटीवर आठ ओळींसमोर आठ शून्यं होती, कुणाचीच वेळ चुकली नव्हती.

धाकटीचा चष्मा कपाळावर होता. डाव्या डोळ्यावर तिने तळहात धरला होता.

‘काय सुटलं होतं, ताई?’

‘कुठे काय?’

‘हाक मारलीस ना. ठमे, चष्मा काढ, इकडे बघ. अगदी माझ्या कानाशी. मला वाटलं काहीतरी सुटलंय, म्हणून पटकन...’

‘आम्हीही ऐकली,’ सर म्हणाले. ‘भर चाचणीत अशा हाका मारायच्या नसतात हो.’

पाहुण्यांपैकी एकाने मान डोलावली. सगळे थोरलीकडे बघत होते. तिच्या मुठीत रुमाल होता, त्याच्यावर दातांच्या ओल्या खुणा होत्या.

‘तूच होतीस ना, की मला उगाच...’

‘हो,’ थोरली म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली.

‘मधोमध एक राखाडी ठिपका दिसतोय,’ धाकटी म्हणाली. ‘जाईल थोड्या वेळाने.’ आणि ती परत फोटोकडे वळली, एक डोळा मिटून.

त्या वेळी थोरलीला जे वाटलं तेही सांगायलाच हवं. तिला हायसं वाटलं. आठवडाभर पोटात पेटलेलं विझलं, पाय हलके झाले. भीती वाटली ती त्यानंतर.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, सोमवारी परत या म्हणाले, ठिपका जाईल की राहील यावर बोलले नाहीत. संध्याकाळी तिघी जेवायला बसल्या. आईने धाकटीच्या डोळ्याबद्दल दहादा विचारलं. धाकटी हसून टाळत होती. आज सांगायचं, जेवण झालं की सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

‘पाणी घे गं,’ आई म्हणाली.

धाकटीने पाण्याचा जग उचलला आणि ओतला. धार पेल्याच्या बाहेर, दोन बोटं डावीकडे पडली. ती बिचारी ओततच राहिली, पेला भरतोय असं समजून.

पाणी टेबलावर पसरलं नाही. धार पडत होती तिथे आधीपासूनच घडी घातलेलं फडकं होतं, बरोबर तेवढ्याच जागेवर. आईने कौतुकाने थोरलीकडे पाहिलं. थोरलीचा हात अजून फडक्याच्या कडेवर होता. तो तिथे कधी गेला, ते तिला माहीत नव्हतं.